मेट्रनच्या ताटात मॅनिकोटी

इटलीतल्या माणसाला जे जमतं ते नेवाशातल्या माणसाला जमणार नाही, असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. इटलीला मी गेलेलो नाही. पण नेवाशात जन्मापासून राहतोय, त्यामुळे निम्मा अभ्यास झालेलाच होता.

मी आमोस. नेवासा फाट्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी फुटलेले स्क्रीन बदलतो आणि फोनमधले फोटो बघत नाही, या दोन गोष्टींमुळे माझं बरं नाव आहे. माझं एस्तेरशी लग्न ठरायचं होतं. एस्तेरला मी पसंत होतो. तिच्या आईला पसंत होतो. तिच्या वडिलांच्या फोनचा आवाज परत आणून दिल्यापासून त्यांना तर फारच पसंत होतो. राहिलं होतं एकच माणूस. राहीबाई सिस्टर!

राहीबाई सिस्टर म्हणजे एस्तेरची आत्या. एका मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. आमच्या भागातल्या निम्म्या जनतेला जन्मल्याबरोबर पहिली चापट त्यांनी मारलेली आहे. मलाही! बाकीची बाळं चापट बसल्यावर रडतात. आई सांगते, मी त्यांना बघूनच रडलो होतो.

सिस्टरनी स्वतः लग्न केलं नाही, पण घरातलं प्रत्येक लग्न त्यांच्या होकारावर अडायचं. आणि त्यांची पद्धत उलटी. मुलीनं पोहे करायचे नाहीत. मुलानं स्वतःच्या हातानं रांधायचं, सिस्टरनी येऊन जेवायचं, आणि मग हात धुता धुता निकाल सांगायचा.

"तुझ्या आधीच्या दोन स्थळांचं काय झालं?" मी एस्तेरला फोनवर विचारलं.

"संगमनेरच्यानं भाजी हॉटेलातून आणली होती. आत्यानं पहिल्या घासाला ओळखलं."

"आणि दुसरा?"

"त्यानं शिरा केला. आत्याला शुगर आहे. तिनं ताट सरकवलं आणि म्हणाली, 'मला मारायला बोलावलंत काय?'"

"मग?"

"मग तो दुबईला गेला."

"दुःखानं?"

"भीतीनं. आमोस, नीट ऐक. गोडाचा कणसुद्धा नको. कळलं?"

"साखरेचा डबाच शेजारी नेऊन ठेवतो," मी म्हणालो. आणि खरंच ठेवून आलो. गुळाचा डबा मात्र घरातच राहिला. माणूस किती ठिकाणी लक्ष देणार?

आता प्रश्न होता, करायचं काय. मला दोनच पदार्थ येतात. एक चहा. दुसरा पण चहाच, पण आल्याचा. पिठलं करावं तर सिस्टरनी जन्मभर पिठलं खाल्लेलं. त्या त्यात शंभर चुका काढणार. तेव्हा मला एक अफाट विचार सुचला. जो पदार्थ सिस्टरनी कधी बघितलेलाच नाही, त्याला त्या नावं कशी ठेवणार? तो मुळात कसा लागतो हेच त्यांना माहीत नसणार! बिघडला तरी इटलीत तो असाच बिघडलेला असतो, असं सांगता येईल.

त्या रात्री व्हिडिओ बघून मी पदार्थ ठरवला. मॅनिकोटी! पास्त्याच्या बोटभर जाड नळ्या, आत चीजचं सारण, वरून चीज, आणि भट्टीत भाजायचं. नगरला स्क्रीन आणायला गेलो होतो, तेव्हा एका मोठ्या दुकानातून नळ्यांचा पुडा घेऊन आलो.

आईनं पुडा उलटसुलट करून बघितला. "ह्या कसल्या नळ्या रं?"

"इटालियन."

"बया! तिकडची बकरी एवढी बारीक?"

"आई, मटणाच्या नाहीत. मैद्याच्या आहेत."

पण तोवर तिनं एस्तेरच्या घरी फोन करून सांगून टाकलं होतं, की रविवारी आमोस नळ्या करतोय. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तसं बघायला गेलं, तर या गोष्टीत मला जे जे कळलं ते उशिराच कळलं.

नळ्या आल्या, चीज नव्हतं. रविवारी सकाळी आमच्या इथल्या दुकानात फक्त पोरांच्या डब्यातल्या चौकोनी चकत्या होत्या. मी कानाला फोन लावून एस्तेरशी बोलत, पनीर कुस्करत, लसूण सोलत होतो. भीतीनं मला एकाच वेळी तीन कामं जमतात, पण तिन्ही वाईट.

"चीज कमी पडणार बघ," मी आईला म्हणालो.

"मग कानिफनाथकडनं आनते की! रातीच त्याची गाय व्याली. चीकच पायजे ना?"

"हो हो, तेच! भरपूर आण!"

एका कानाला फोन होता, त्यामुळे तिच्या 'चीक'मधला 'क' मला 'ज' ऐकू आला. आता तुम्ही म्हणाल, गाय व्याली म्हटल्यावर तरी शंका यायला हवी होती. आली होती! मला वाटलं, कानिफनाथनं गाय व्याल्याच्या आनंदात चीजचा धंदा काढला असेल. हल्ली शेतकऱ्यांना कसल्या कसल्या योजना असतात.

आई किटली भरून घेऊन आली. आत दाट, पिवळंधमक, चिकट असं काहीतरी होतं. व्हिडिओतलं चीजही पिवळंच होतं. मी खूश झालो.

"ह्यात काय काय घालायचं ते घालून ठेवू का?" आईनं विचारलं.

"घाल. तुला माहीत आहे ना?"

"मला न्हाई म्हाईत तर कुनाला? तुझ्या वयाची व्हते तवापासनं करतीय."

मी थक्क झालो. आईला इटालियन येतं, आणि मला आजवर कळलंच नाही! अभिमानानं माझा ऊर भरून आला. त्याच वेळी माझ्या पाठीमागे आईनं किटलीत गूळ किसला आणि वेलदोड्याची पूड घातली. मी ते बघितलं नाही, कारण मी ओव्हनला घाबरण्यात गुंतलो होतो.

आमचा ओव्हन म्हणजे आईच्या लग्नातला. गोल, अल्युमिनियमचा, झाकणाला काचेचं भिंग. नाताळचा केक त्यात होतो आणि बाकी वर्षभर त्यात बटाटे असतात. त्याला हात लावला की शॉक बसतो. मोठा नाही, पण माणसाला आपल्या चुका आठवतात. म्हणून आमच्याकडे ओव्हन लावताना रबरी चप्पल घालायची, एक हात खिशात ठेवायचा आणि मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचं, असा नियम आहे.

मी नळ्या उकडल्या. पनीर, लसूण आणि दोन चमचे लाल तिखट किटलीतल्या पिवळ्यात कालवून ते नळ्यांत भरलं. उरलेलं सगळं वरून ओतलं. चप्पल घातली, खिशात हात घातला, झाकण लावलं. आणि दारात आवाज आला.

"कुनी हाय का घरात?"

सिस्टर! अर्धा तास आधी!

पांढरी साडी, खांद्याला काळी पर्स, आणि माझ्याकडे अशी नजर की मी आपोआप जीभ बाहेर काढून दाखवली.

"आत घे ती," सिस्टर म्हणाल्या. "सलाम, दयाबाई. हाच का तो?"

"व्हय, सिस्टर. बसा की."

"मी सकाळधरनं काय खाल्लं न्हाई. म्हनलं नळ्या हायत, पोट मोकळं ठेवावं." त्या माझ्याकडे वळल्या. "रस्सा तिखट केलास ना रे?"

"र... रस्सा नाही, सिस्टर. भाजलेल्या आहेत."

"भाजलेल्या नळ्या?" त्यांनी भुवई वर केली. "बगू."

सिस्टरना मटण पाहिजे होतं. माझ्या ओव्हनमध्ये मैदा होता. मला दुबईचं विमान दिसायला लागलं.

ताटं मांडली. सिस्टर म्हणाल्या, "प्रार्थना तू कर." मी डोळे मिटले. मला घाई नव्हती. मी आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, पिकांसाठी, शेजारच्या राज्यांसाठी प्रार्थना केली. शेवटी सिस्टर खाकरल्या तेव्हा घाबरून माझ्या तोंडून निघालं, "आणि प्रभू, ह्या अन्नापासून आमचं रक्षण कर."

"आमेन!" सिस्टर खणखणीत म्हणाल्या. "वाढ."

मी ओव्हन उघडला. व्हिडिओत चीजच्या लांब लांब तारा निघतात. माझ्या चीजला एकही तार नव्हती. ते घट्ट बसलं होतं आणि नुसतं थरथरत होतं. मीही थरथरत होतो, त्यामुळे आधी मला वाटलं, माझ्यामुळेच हलतंय. मी ताट खाली ठेवलं. चीज थरथरतच राहिलं.

सिस्टरनी एक नळी उचलली, उभी धरली आणि मटणाच्या नळीसारखी ताटावर आपटली. ठक्क काही झालं नाही. पचक झालं. मग त्यांनी ती तोंडाला लावली आणि जोर लावून ओढली.

सुर्र!

आतलं सगळं सारण एका दमात त्यांच्या तोंडात गेलं. त्यांच्या हातात रिकामी नळी लोंबकळत राहिली. सिस्टर थांबल्या. डोळे मोठे झाले. मग त्यांनी दुसरी नळी उचलली. सुर्र! मग तिसरी!

मला धीर आला. आवडलं वाटतं! मी स्वतःच्या ताटातला एक तुकडा तोंडात घातला.

आधी लसूण लागली. मग तिखट. मग वेलदोडा. आणि मग, सगळ्यांच्या मागून, सावकाश, निवांत, गूळ आला.

मी आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "आई! चीजमध्ये गूळ कुणी घातला?"

"चीज कुटलं? चीक हाय तो! पहिल्या दिसाचा, खरवसाचा! गूळ न्हाई घालायचा तर मीठ घालायचं व्हय?"

"मी चीज म्हणालो होतो!"

"मंग तसं नीट बोलायचं की! मी म्हनलं, परदेशी खरवस आसंल, तिकडं नळीत भरत्यात!"

"आई, त्यांना शुगर आहे! तीन नळ्या गेल्यात त्यांच्या पोटात!"

आईनं तोंडावर पदर धरला. आम्ही दोघांनी दारातून वाकून बघितलं.

सिस्टर खुर्चीत मागे रेलल्या होत्या. डोळे मिटलेले. मान एका बाजूला. डोळ्यातून पाण्याची एक धार गालावर. ताटात पाच रिकाम्या नळ्या.

"मारलं मी त्यांना," मी म्हणालो. "एस्तेरच्या आत्याला मी खरवसानं मारलं."

"नाडी बघ! नाडी बघ आदी!" आई कुजबुजली.

मी धावलो. सिस्टरचं मनगट धरलं, अंगठा दाबला. नाडी नुसती धडधडत होती! एक ठोका संपायच्या आत दुसरा! एवढी पळणारी नाडी मी कधी ऐकलीही नव्हती.

"आई! नाडी फार पळतीये! रिक्षा बोलव! नाहीतर टेम्पो!"

"ती तुझी हाय," सिस्टर म्हणाल्या.

मी किंचाळलो. सिस्टरनी एक डोळा उघडला.

"नाडी आंगठ्यानं बगतोस व्हय रे? आंगठ्याला सोताची नाडी आसती. दोन बोटं लावायची. शाळंत काय शिकवलं तुमाला?"

"तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?"

"न्हाई तर काय? जरा डोळं मिटून खाऊ बी देत न्हाईत!" त्यांनी पदरानं गाल पुसले. "तिखट लई टाकलंस. पन खरवस... किती वर्सांनी! घरात समदी माझ्यासमोर कारलं ठेवत्यात आन आत जाऊन पेढं खात्यात. मला वास येत न्हाई व्हय?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या नळीलाच. उगं मेट्रन झाले का मी?" मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "तुला घाम फुटलाय. व्हट पांढरं पडल्यात. सकाळपासनं काय खाल्लंस?"

"भीती," मी म्हणालो.

"शुगर उतरली आसंल. बोट दे." त्यांनी पर्समधून एक छोटं यंत्र काढलं. "आदी तुझी बगू, मग माझी."

"नको, सिस्टर, मी ठीक..."

"बोट!"

मी बोट दिलं. सिस्टरनी यंत्राच्या डबीतून एक बारीक सुई बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "आन ह्यातलं एस्तेरला काय बी सांगितलंस तर..."

तर काय, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी पलंगावर होतो. पायाखाली दोन उशा. सिस्टर निघून गेल्या होत्या. खिशातला फोन सारखा वाजत होता. एस्तेरचे एकामागून एक मेसेज. 'आत्या हो म्हणाली!!!' 'तू नक्की काय केलंस?' 'तिनं तर काहीच सांगितलं नाही!' 'घरी येऊन गोळी घेतली आणि गाणं म्हणत शेताला तीन चकरा मारल्या!'

म्हणजे लग्न ठरलं! माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय झाला, आणि त्या वेळी मी हजर असूनही नव्हतो.

"आई, मला इथं पलंगावर कुणी आणलं?"

"सिस्टरनी. एकटीनं. पोतं उचलावं तसं."

"आणि निकाल? त्या नेमकं काय म्हणाल्या? माझ्या स्वभावाबद्दल? हाताच्या चवीबद्दल?"

आईनं माझ्या पायाखालच्या उशा नीट केल्या.

"म्हनल्या, 'चालंल. वजनानं हलका हाय. आमची एस्तेर एकटी उचलंल.'"