आखाडातलं माहेर

जोड्या लावून पंचवीस दिवस झाले, तरी दहापैकी एकही उंदराची मादी व्याली नाही, हे पाहून डॉ. दामिनी नंदनवार सुखावल्या. मग त्या शेजारच्या मांडणीकडे वळल्या. तिथल्या नरांना लसीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. तिथे पिल्लांची रांग लागायला हवी होती. तिथेही पाळणा हलला नव्हता.

पुरुषांसाठीची गर्भनिरोधक लस हा त्यांचा आठ वर्षांचा ध्यास होता. गणपतीनंतर परीक्षक येणार होते. लस न टोचताही उंदीर निपुत्रिक राहत असतील, तर लस हवी कशाला, एवढं विचारून त्यांनी प्रकल्पाला टाळं लावलं असतं.

दामिनीताई हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कळमन्याच्या बाजारातून येणारा हरभरा बदलला, पाणी उकळून दिलं, कूलर दुरुस्त करून घेतला. शेवटी एके सकाळी सातलाच शहराबाहेरच्या बेशातल्या घरून निघून त्या प्रयोगशाळेत धडकल्या.

उंदरांची देखभाल करणारे रुपरावकाका टोपलीतून माद्या काढून एकेका नराच्या पिंजऱ्यात सोडत होते.

"काका, या रात्रभर कुठे होत्या?"

"माहेरी," काका शांतपणे म्हणाले. "आखाड चालू आहे ना मॅडम. नव्या सुनांले आखाडात सासरी ठेवते का कोणी? सांजच्याले नेतो, तुम्ही मोजायच्या आत आणून सोडतो."

उंदरांचा संसार रात्रीच चालतो, हे काकांना कोण सांगणार? काका वडिलांच्या वयाचे, म्हणून लस कशाची हेही ताईंनी कधी सांगितलं नव्हतं. 'तब्येतीची आहे' म्हणून वेळ मारून नेली होती. आताही त्यांनी एवढंच बजावलं, की श्रावणात माहेर बंद.

श्रावण सरला. मिठाच्या पाण्यावाल्यांकडे नऊ माद्या व्याल्या. लसवाल्यांकडे एकही नाही. ताईंनी तीनदा मोजलं, वहीत शून्य लिहिलं आणि त्या शून्याकडे बघतच राहिल्या.

काका मान खाली घालून उभे होते.

"जिवाले लावून घेऊ नका मॅडम. तुमच्या सुया टोचलेल्यांकडंच सुनं राहिलं, मले पाहवलं नाही. आंभोऱ्याच्या महादेवाले नवस बोललो. सोमवारपर्यंत दहाही पाळणे हलते, पाहा तुम्ही."

आयुष्यात नवस न बोललेल्या दामिनीताईंनी वही मिटली आणि पर्स खांद्याला लावली.

"चला काका," त्या म्हणाल्या. "आधी तो नवस परत घेऊन येऊ."