भाभीसांचा गुडघा

टांगा एक, ट्रक एक आणि टांग्यात बायका तीन. तरी पाय मोडला तो नेमका थोरल्या जावेचाच, ही गोष्ट सुगनबाईंच्या मनाला लागून राहिली होती. धरणगाव स्टेशनावरून घरी येताना कापसाच्या गासड्यांनी भरलेला ट्रक एका बैलगाडीला मागे टाकायला म्हणून सरळ टांग्याच्या अंगावर आला. टांगा कलंडला. नणंद धनकुंवर मातीच्या ढिगावर अलगद जाऊन बसली, सुगनबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि भाभीसांचा, म्हणजे सज्जनबाईंचा, उजवा गुडघा चाकाखाली सापडला.

टेंगूळ पाहता पाहता उतरलं. गुडघा मात्र गावात गाजला. अर्धी बाजारपेठ विचारपूस करून गेली, मोसंब्यांनी टोपली भरली. महासतीजी, गावात मुक्कामाला असलेल्या साध्वी, स्वतः जिना चढून आल्या आणि खाटेशी उभ्या राहून मांगलिकाचा पाठ म्हणून गेल्या. सुगनबाई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या, टेंगळासकट. पण पदर इतका पुढे ओढलेला, की टेंगूळ दिसणार कुणाला? त्यांचं एकाशन चालू होतं, दिवसातून एकदाच जेवण. त्याचं कुणी नाव काढलं नाही. औषधांपायी सज्जनबाईंचे सगळे नेम मोडले, तर बायका हळहळल्या, "बिचारी! नेम मोडल्याचं केवढं दुःख बाईला!"

"पाळणारीला कुणी पुसत नाही, मोडणारीचं कौतुक," सुगनबाई नवऱ्याला वाढता वाढता म्हणाल्या.

"मग तूही मोड," ज्ञानचंद म्हणाले आणि त्यांनी ताटातला पापड मोडला.

हे आजचं नव्हतं. पर्युषणातली संवत्सरी झाली की दुसऱ्या सकाळी घरातल्यांनी एकमेकांची क्षमा मागायची. यंदा आपण पहिल्या, असं घोकत सुगनबाई अंथरुणातून उठायच्या, तर सज्जनबाई दारात हात जोडून हजर. "मिच्छामि दुक्कडं, सुगन!" क्षमासुद्धा पहिली त्यांचीच. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकदाही तो मान सुगनबाईंना मिळाला नव्हता.

मग जळगावहून सुकदेव वकील आले आणि क्लेम कोर्टात अर्ज दाखल झाला. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन त्या निकालावर अडलं होतं. ते झालं नाही तर पाय जन्माचा ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विमा कंपनीचं म्हणणं दुहेरी. टांगाच आडवा आला, आणि बाईंचा गुडघा आधीपासूनच दुखरा होता. टांगेवाला झुलाल रडकुंडीला आला. "बठ्ठा गाव मालेच विचारस! मना घोडा डाव्या आंगे व्हता, माय!" पण ठपका त्याच्यावरच, त्याचा शब्द कोण धरणार? टांग्यातल्या बाईचीच साक्ष हवी होती.

समन्स आलं ते सुगनबाईंच्या नावाचं. बेलीफाने ओट्यावर उभं राहून त्यांचं नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. सुगनबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते वकिलांच्या पहिल्याच वाक्याला उतरलं.

"तुमच्या जाऊबाई रोज किती नेमाने खाली बसून सामायिक, ते पाऊण तासाचं ध्यान, करायच्या, ते कोर्टाला सांगायचं. विचारलं तेवढंच हं, बाई."

म्हणजे नाव आपलं, आणि गुणगान त्यांचं!

पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला समोरचे वकील आजारी. दर वेळी एसटीत सज्जनबाईंना पाय लांब करायला अख्खं बाकडं. सुगनबाई व्रताच्या उकळलेल्या पाण्याचा लोटा सांभाळत उभ्या.

अखेर पुकारा झाला. देवाची शपथ घेऊन सुगनबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या खऱ्या, पण समोर जेठ माणकचंद बसलेले. घुंगट हनुवटीपर्यंत आला.

"बाई, जरा मोठ्याने," न्यायाधीशसाहेब म्हणाले. घुंगट हलला, आवाज फुटेना.

"थोरले दीर समोर आहेत, साहेब. त्यांच्यापुढे त्या बोलत नाहीत," सुकदेव वकील अजिजीने म्हणाले.

साहेबांनी माणकचंदांना बाहेर बसवलं. घुंगट वर गेला. ट्रक कसा अंगावर आला ते सुगनबाईंनी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. मग विमा कंपनीचे वकील उठले.

"तुमच्या जाऊबाई फार धार्मिक आहेत म्हणे?"

"कोण म्हणतं?"

सुकदेव वकिलांनी हातातली टाचणी स्वतःलाच टोचून घेतली.

"अर्जात लिहिलंय. रोज जमिनीवर बसून दोन सामायिक करायच्या."

"एक. दुसरीत डुलक्या."

समोरच्या वकिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे बसायचा त्रास आधीपासूनच होता?"

"त्रास कसला? घट्ट मांडी घालून, भिंतीला न टेकता झोपायच्या त्या! सामायिक संपली की हात न टेकता ताडकन उठायच्या. मला ते अजून जमत नाही."

"आणि आता?"

"आता खुर्ची, उशी, पायाखाली पाट! सगळं घर त्या एका गुडघ्याभोवती फिरतं. पाय वाकत नाही म्हणे. मी रोज नजर ठेवून असते."

"का हो?" वकिलांनी लगबगीने विचारलं.

"नाटक करतात की काय म्हणून!"

कोर्टात खसखस पिकली. वकील पुढे झुकले. "मग? सापडलं नाटक?"

सुगनबाईंचा आवाज एकदम बसला. "नाही ना. भाभीसा पालीला भितात. म्हणून मी एकदा मागून ओरडले, 'पाल!' उठायला गेल्या आणि धाडकन पडल्या. गुडघा वाकलाच नाही. मीच उचललं मग. रात्रभर शेकतही मीच बसले."

विमा कंपनीचे वकील खाली बसले. सुकदेव वकिलांनी, आपल्याला काही विचारायचं नाही, असं घाईघाईने सांगून टाकलं.

निकाल लागला तो सज्जनबाईंच्या बाजूने. पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या सुकदेव वकिलांनी बैठकीत सगळ्यांसमोर त्याचा अर्थ सांगितला. "साहेब म्हणतात, या साक्षीदार बाईंना अर्जदाराचं काहीच चांगलं बघवत नाही. तरीही ज्या अर्थी गुडघा वाकत नाही हे त्यांना कबूल करावं लागलं, त्या अर्थी तो वाकत नाही, याबद्दल कोर्टाला शंका उरत नाही."

दाराआड सुगनबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संवत्सरी पार पडली. दुसऱ्या सकाळी सुगनबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. ऑपरेशन होऊन भाभीसांचा पाय अजून पट्ट्यात होता. यंदा त्या दारात येणं शक्यच नव्हतं. आणि यंदा क्षमा मागण्यासारखं काहीतरी खरंच होतं. सुगनबाई खोलीत शिरल्या, हात जोडले, डोळे भरून आले.

"भाभीसा, कोर्टात मी..."

"अगं, वकील धनकुंवरचं नाव घालत होते," सज्जनबाई उशीला टेकून बसत म्हणाल्या. "मीच म्हटलं, ती माझी आरती ओवाळेल, कोण विश्वास ठेवील? सुगनला उभी करा. ती मला गुंजभरही जास्त देणार नाही. देईल ते खरंच असेल."

सुगनबाईंचे जोडलेले हात खाली आले. म्हणजे समन्सही भाभीसांनीच...

"तुला न विचारता तुझा मत्सर कोर्टात नेला, सुगन," सज्जनबाईंनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं."