निर्जळा आणि कातडीची चोरवाट

गेली अकरा वर्षं माझ्या निर्जळा एकादशीला थेंबभर पाण्याचा डाग नाही! यंदा बारावं वर्ष. एवढी एक पार पडली की उद्यापन. मी तशी हळू बोलणारी बाई. पण व्रतांच्या बाबतीत सांगते, अख्ख्या आर्णीत माझ्यासारखी दुसरी शोधून दाखवा!

तर त्या दुपारी मी देवळात निघाले. ऊन असं, की रस्त्यावर टाकलेला पापड भाजून निघावा. इतक्यात भाची समीक्षा आडवी आली. ती यवतमाळला औषधांचं शिकते.

"मावशी, थांब! सनस्क्रीन लाव."

नको म्हणायच्या आत तिनं माझ्या तोंडाला, मानेला, हातांना अर्धी ट्यूब थापली. आरशात पाहिलं तर मी चुना मारलेल्या ओट्यासारखी!

"आता हे थोडंसं कातडीतून रक्तात जाते," ती कौतुकानं सांगू लागली. "मंग लिव्हर त्याचे तुकडे करते, अन् काही दिवसांत लघवीवाटे बाहेर!"

"रक्तात? म्हणजे पोटात?"

"पोटाचं कामच नाही वं मावशी. डायरेक्ट रक्तात!"

अगं, आज माझ्या आत काही जाता कामा नये, आणि हिनं मला चहूबाजूंनी जेवू घातलं! अकरा वर्षं मी तोंडावर पहारा दिला, आणि चोर भिंतीतून शिरला!

मी न्हाणीत धावले. बेसन घेतलं आणि घसाघसा घासायला लागले.

"घासू नको! कातडी सोलली तं अजून आत जाईन!" समीक्षा ओरडली.

आमचे पुंडलिकराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अन् बेसन म्हणजे धान्य. एकादशीले कातडीतून धान्यही खाऊन राह्यली का तू?"

"तुम्ही गप्प बसा!"

"मी तं गप्पच हाओ. पण सकाळी दोन बादल्यांनी आंघोळ केली, तेही आत गेलं असंन मंग."

तोंडाला अर्धं बेसन तसंच ठेवून मी तडक विमलताईंकडे निघाले, समीक्षा मागोमाग. विमलताई म्हणजे आमच्या भजनी मंडळाचं हायकोर्ट. कोणतं व्रत कशानं मोडतं, हा निकाल त्याच देतात. माझं म्हणणं ऐकून त्यांनी विचार करायला डोळे मिटले.

त्यांची नवी सून उर्वशी. उन्हातून कुणी आलं की गूळपाणी द्यायचं, हे तिला पक्कं शिकवलेलं. तिनं वाटी आणि तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"ताई, अंगाला लावलेलं अंगावरच राहायला नको?" मी गुळाचा खडा तोंडात टाकला. "रोज कुंकू लावतो, ते डोक्यात शिरतं का?" घटाघटा, घटाघटा! "न विचारता आत घुसणारं हे कसलं मलम? ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरांत पुराण लिहिलंय, पण 'उपवासाला चालत नाही' एवढं कुणाला लिहावंसं वाटलं नाही!"

विमलताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "अवं बाई, तोंडातून तं काही गेलं नाही ना? मंग व्रत शाबूत हाय."

"तोंडातून? एक थेंब नाही!" पदरानं ओठ पुसत मी ठणकावलं.

विमलताईंनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. उर्वशीनं जीभ चावली.

"मावशी," समीक्षा हळूच म्हणाली, "हे मात्र पोटातच गेलं."

आता पुन्हा पहिल्यापासून बारा वर्षं! पण आजच्या दिवशी खोटं कशाला बोलू? पाणी फार गार होतं.