सोमनाथ दाखवून आणलं

सत्तावन्न सालच्या वैशाखात बापूजींच्या मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड अमरावतीहून एक दिवस आधीच चांदा जिल्ह्यातल्या मूल गावच्या स्टेशनावर उतरलं. पुढची गाडी चुकेल या धास्तीनं त्यांनी मिळाली ती धरली होती. इकडे मांडवावर अजून डहाळ्या चढायच्या होत्या, आचाऱ्यांचा पत्ता नव्हता. बापूजींनी मेहुण्याला, गुणवंतरावांना, बाजूला घेतलं आणि पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत कुठंतरी फिरवून आणायची गळ घातली.

गुणवंतराव धानाच्या गिरणीत मुनीम होते. गिरणीच्या फाटकापलीकडे ते फारसे गेले नव्हते. पण धान घेऊन येणाऱ्या गाडीवानांच्या तोंडून ऐकलेला सगळा मुलूख त्यांच्या जिभेवर होता. नवरदेवाचे वडील तुळशीरामजी कापसाचे अडते. गाडीला, चहाला, उन्हाला, सगळ्याला नावं ठेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इथी पाहासारखं काही हाय, का नुसता तांदूळच?"

गुणवंतरावांनी चांद्याची महाकाली सांगितली, किल्ल्याचा कोट सांगितला, मार्कंड्याची देवळं सांगितली. त्यातल्या त्यात जवळ म्हणून सोमनाथचा धबधबा ठरला. तिथं बुधरी नावाची बाई असा वडाभात करते की माणूस बोटं चाटत राहतो, हेही त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. नवरदेवाला घरी ठेवून बैलबंड्या जंगलाच्या वाटेला लागल्या.

सोमनाथला देऊळ होतं, माकडं होती आणि काळ्या खडकावर एक ओलसर पट्टा होता.

"धबधबा कुठी हाय?" तुळशीरामजींनी विचारलं.

"हाच. पावसाळ्यात इथूनच पडते," गुणवंतराव म्हणाले.

बुधरी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बरोबरच्या शिदोरीच्या दोन्ही पुरचुंड्या माकडांनी नेल्या. उन्हानं आणि भुकेनं वऱ्हाडाचे चेहरे असे झाले की गुणवंतरावांना भाचीचं लग्न मोडताना डोळ्यांपुढे दिसू लागलं. शेवटी एका गाडीवानानं पलीकडच्या गावात पाणी तरी मिळेल म्हणून बंड्या तिकडे वळवल्या.

गावाच्या तोंडाशीच मांडव होता. बंड्या दिसताच डफडं वाजू लागलं, बायका पाण्याचे तांबे घेऊन धावल्या. देवाजी नावाच्या म्हाताऱ्यानं तुळशीरामजींचे पाय धुतले आणि थेट पंगतीला नेऊन बसवलं. क्षणभर गुणवंतरावांनाही वाटलं, आपला वट इथवर पोचला आहे! पत्रावळीवर वडाभात पडला, त्यावर तेलाची धार पडली, आणि तुळशीरामजी सकाळपासून पहिल्यांदा हसले.

"चामोर्शीची वाट खराब. लई वेळ लागला तुम्हाले," देवाजी म्हणाला. "आमचा पोरगा डोमा, सोयरीक त्यानंच जुळवली, तो तुम्हालेच पाहाले सडकेवर गेला. अन् नवरदेव कुठी हाय?"

गुणवंतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. पण तुळशीरामजी तिसऱ्यांदा भात मागत होते. "मागून येऊन राह्यला," गुणवंतराव हळूच म्हणाले.

आणि तो खरोखरच आला. विडे लावत असतानाच मारुतीच्या देवळाकडून सनई ऐकू आली. निरोप घेऊन आलेल्या गड्यानं सांगितलं, की डोमाभाऊ चामोर्शीच्या वऱ्हाडाला घेऊन पोचले, पाहुणे उपाशी आहेत, पानं मांडा. देवाजीनं रिकाम्या भांड्यांकडे पाहिलं, मग या चुना लावत बसलेल्या परक्या माणसांकडे. तो ओरडला नाही. मांडवाचा खांब धरून खाली बसला आणि म्हणाला, "आता नातीचं काय होईन?"

गुणवंतरावांनी हात जोडून सगळं सांगून टाकलं. तुळशीरामजी लाल झाले. ते काय बोलतील याची गुणवंतराव डोळे मिटून वाट पाहू लागले. तुळशीरामजींनी कोट काढला.

"तांदूळ हाय का घरात? चुली पेटवा. देवळातून इथवर यायले त्याईले वेळ लागीन. कोनी काही बोलू नका, आपुन आचारी."

अमरावतीच्या वऱ्हाडानं धोतरं खोचली. कोणी डाळ वाटली, कोणी वांगी चिरली. तुळशीरामजी स्वतः भाताच्या गंजापाशी घाम पुसत उभे राहिले. चामोर्शीचे व्याही जेवायला बसले आणि त्यांनी भात गिचगोळा म्हटला, वरण पाणचट म्हटलं, वडे कच्चे म्हटले. "हे आचारी कोन्या जंगलातून धरून आनले?" त्यांनी डोमाला विचारलं. तुळशीरामजी वाकून वाढत होते. त्यांच्या मानेची शीर उडत होती, पण तोंडातून फक्त "घ्या अजून थोडं" एवढंच निघत होतं. पंगत उठल्यावर देवाजीनं कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांच्या पायाला हात लावला.

बंड्या परतीच्या वाटेला लागल्या. गुणवंतरावांनी मनातल्या मनात भाचीसाठी दुसरी स्थळं चाळायला सुरुवात केली.

मूलला दिवेलागणीला पोचले तर बापूजी दारातच हात जोडून उभे. आचारी आलेच नव्हते, घरच्या बायकांनी कसाबसा स्वयंपाक उरकला होता.

"पाहुणे, गोष्ट अशी हाय का," ते चाचरत म्हणाले, "भात जरासा खाली लागला..."

तुळशीरामजींनी पायातले जोडे काढले आणि थेट चुलीपाशी जाऊन झाकण उचललं. "लाकडं मागं वढा. वरचा भात चांगला हाय, अल्लाद काढा. लागते कधी कधी. वाईट वाटून घेऊ नका." आणि पाहा, बाकीचं वऱ्हाड कोणी न सांगता पत्रावळी मांडायला लागलं. नवरदेवाच्या आत्याबाई तर पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन विहिरीकडे निघाल्या.

बापूजींचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी गुणवंतरावांना अंगणात ओढलं आणि कुजबुजत विचारलं, "तू याईले दाखवून तरी काय आनलं?"

गुणवंतरावांनी टोपी सारखी केली.

"सोमनाथ," ते म्हणाले.