नाव न ठेवलेला विषय

आमच्या तालुक्यात बारावीचा निकाल लागला की विषय मुलांना बघायला येतात. मुलांनी विषयाकडे जायची पद्धत नाही. तो उतावळेपणा समजला जातो.

परदेशातलं शिक्षण संपवून मी परतले, तेव्हा मामेबहीण शलाकाला विषय सांगून येत होते. रसायनशास्त्राला घरातल्या उदबत्तीचा त्रास झाला. कळवतो म्हणालं आणि कळवलं नाही. कायद्याने तिचा आवाज बारीक म्हणून नकार दिला. गणिताने पोहे खाल्ले आणि कुणाकडेही न बघता निघून गेलं. मामीला वाईट वाटलं, पण गणित सगळीकडे तसंच वागतं.

मग वाणिज्य आलं. सोबत त्याचे थोरले बंधू लेखाशास्त्र आणि मध्यस्थ टेंबेकाका होते.

"मुलीला आवड कशाची?" लेखाशास्त्राने विचारलं.

"नकाशे काढते," मामी म्हणाली.

"काढू द्या. आमच्याकडे आली की सुटेल ते."

इतक्यात दारात आणखी एक विषय येऊन उभा राहिला. अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल, सोबत वडीलधारं कुणी नाही.

"कुठले तुम्ही?" मामाने विचारलं.

"धरणाकडचा."

"नाव?"

"अजून ठेवलेलं नाही."

"बरं, आणि करायचं काय तुमच्यात?"

"पाण्याखाली गेलेल्या गावांचे नकाशे काढायचे. कुणाचं घर कुठं होतं, बायका पाण्याला कुठल्या वाटेनं जायच्या. तिथं राहिलेल्यांना विचारून. ती माणसं आता थोडी उरलीत."

"आणि नोकरी?"

विषयाने प्रामाणिकपणे विचार केला. "माहीत नाही. मला अजून कुणी शिकलेलं नाही."

टेंबेकाका मामाकडे बघून हसले. "वसंतराव, पत्रिकेत काय छापणार मग? चि. शलाका आणि हे, अमुकतमुक?"

शलाका ट्रे धरून उभी होती. आतापर्यंत एकाही विषयाकडे तिने मान वर करून बघितलं नव्हतं. ह्याच्याकडे बघितलं. "मुलगी मला पसंत आहे," तो म्हणाला, आणि कुणी बसा म्हणेना तेव्हा पायऱ्या उतरून गेला. मामीने लादी पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी वाणिज्याचाही होकार आला. त्यांना उत्तर गुरुवारपर्यंत हवं होतं.

शलाका संध्याकाळी गच्चीवर उभी राहू लागली. तिथून धरणाची भिंत दिसते.

"ताई, त्याला कुणी बस पण म्हटलं नाही गं."

"येईल परत."

"आणि दुसऱ्या कुणाकडे गेला तर?"

"तर त्याला कुणीतरी शिकेल. चांगलंच की."

"हो, चांगलंच," ती म्हणाली, आणि कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडत बसली.

मी मामाशी बोलले. तिकडे मुलं स्वतः विषय शोधायला जातात, दोन विषय जोडून तिसरा करतात, नसला तर नवा उभा करतात, असं मी त्याला पोटतिडकीने सांगितलं.

"तिकडं काय, तिकडं कुत्र्यांना पण स्वेटर घालतात," मामा म्हणाला.

"अहो, थट्टा काय करता?" मामी म्हणाली. "शले, विषयाविना राहिलेली पोरं बघितलीस ना? स्टँडवर उभी असतात. कुठलीही एसटी आली की पाटी वाचतात आणि चढत नाहीत. तसं व्हायचंय का तुला?"

"नाही," शलाका म्हणाली. "म्हणून तर वाणिज्याला नाही म्हणतेय."

गुरुवारी वाणिज्य उत्तर घ्यायला आलं, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं. "तुम्ही मला नीट सांभाळाल. पण तुम्ही उशिरा आलात तर मला काहीच वाटणार नाही."

वाणिज्याला ते पटलं असावं. लेखाशास्त्राने जाताना शेजारच्या कदमांच्या मुलाची चौकशी केली आणि ते तिकडे गेले.

शलाकाने चपला घातल्या. मुलीने एकटीने विषय बघायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी निघाले. दोघींनी जाणंही बरं दिसत नाही, म्हणून मामा निघाला.

धरणाचं पाणी उन्हाळ्याने खूप मागे गेलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलात विषय उकिडवा बसून काडीने रेघा ओढत होता आणि तळहाताने पुसत होता.

"जमत नाही," तो शलाकाला म्हणाला. "सांगणारं कुणी भेटलं नाही."

"सरक जरा," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने काडी हातात घेतली. दोघं त्या कोऱ्या चिखलाकडे बघत राहिले.

मामा वरती सडकेवर उभा होता. मग तो चपला हातात घेऊन खाली उतरला. चालताना दोनदा वळला, जणू कुणाच्या तरी भिंतीला वळसा घालत होता. पाण्यापासून थोडं अलीकडे थांबून त्याने पायाने एक जागा दाखवली.

"इथं गोठा. त्याला लागून आमचं घर. दार उगवतीला."

मला हे माहीत नव्हतं. शलाकालाही नव्हतं. आमच्या घरात धरणाच्या आधीचं कुणी काही बोलत नाही. शलाकाने गोठा काढला, घर काढलं, उगवतीला दार ठेवलं.

"दारातनं आई हाक मारायची," मामा म्हणाला. "पलीकडच्या काठाला ऐकू यायची."

"काय म्हणून?" विषयाने विचारलं.

मामाने पाण्याकडे बघत सांगितलं. ते वसंत नव्हतं. लहानसं, घरातलं, आम्ही कधीच न ऐकलेलं नाव होतं. शलाकाने ते दारासमोर चिखलात लिहिलं, आणि पुढचं घर कुणाचं, असं विचारलं.