लुगड्याच्या काठाची कुसळं

आमच्या बेल्ह्यातले कोंडीबातात्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. पँटीला, धोतराला, लुगड्याच्या काठाला कुसळ किंवा आघाड्याचं बी अडकलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही. बोलता बोलता खाली वाकतात आणि वेचायला लागतात. समोर कोण आहे, कुठली वेळ आहे, याचं भान नसतं. पुतणीच्या लग्नात वरमाय रुसून बसली होती. चार बायका समजूत घालून दमल्या, आणि तात्या आपले तिच्या पायांशी बसून शालूच्या निऱ्यांमधून आघाडा काढतायत. वरबापाला वाटलं, मुलीचा चुलता पाया पडून माफी मागतोय. तो बिचारा इतका ओशाळला की रुसवा तिथंच मिटला.

तात्यांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून माळशेज घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. मेंढरांच्या लोकरीत अडकून आमच्या माळावरचं गवत कोकणात गेलं आणि तिकडचं इकडं आलं, असं ते सांगतात. त्यामुळं वेचलेलं बी ते चुलीत टाकत नाहीत. खिशात ठेवतात आणि एखाद्या पडीक जागी सोडून देतात. तणाचे एवढे लाड कशाला, असं कुणी वैतागून विचारलं की उत्तर ठरलेलं.

"उडाया पंख न्हाईत, चालाया पाय न्हाईत. म्हणून तुमचं पाय धरलं त्यानं, राव."

माझी पिठाची गिरणी आहे. बाहेर पायरी आहे आणि पायरीवर तात्या. एकदा आमच्या आळीतली शांता दळण घेऊन थांबली होती, तर तिचा नवरा संपत पोतं उचलायला आला. सकाळपासून कांदा घेऊन मंचरला होतो, म्हणाला. तात्यांनी त्याच्या पँटीतून मूठभर कुसळं काढली आणि अगदी भोळेपणानं विचारलं, की मंचरच्या बाजारात गवात कवापासून वाढाया लागलं? माळावरच्या देवळामागं पत्त्यांचा डाव बसतो, हे शांता सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी तिलाही कळलं. पुढं बरेच दिवस संपत मागच्या दारानं दळण नेत होता, आणि बाकीचे गिरणीत शिरायच्या आधी पँटी झटकत होते.

मग तात्यांच्या बायकोला, हौसामावशींना, विसर पडायला लागला.

आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग शेजारणींची नावं गेली. मग दुपारी घरातून उठून चालायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, मेंढरं कुठं गेली बघून येते. मेंढरं विकून किती वर्षं झालेली. नारायणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे आता मागं फिरायचं नाही, हेही सांगितलं. चाकणला कंपनीत असलेला मुलगा आला, दाराला बाहेरून कडी बसवून गेला. तो गेल्यावर तात्यांनी ती उपटून काढली. मी म्हटलं, तात्या, अशानं एखाद्या दिवशी हरवतील त्या. ते म्हणाले, "कडी लावली की ती दाराशी बसून रडती, पोरी. मला न्हाई बघवत."

संध्याकाळी मावशी आपल्या आपण परत यायच्या. तात्या त्यांना ओट्यावर बसवायचे, लुगड्याचा काठ मांडीवर पसरायचे आणि एकेक कुसळ वेचायचे. बघणारे हसायचे, की बायकोचं डोकं गेलं तरी ह्याची खोड जात नाही. मीही हसले आहे.

पुढं पुढं तात्या दुपारचे पायरीवर दिसेनात. एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन माझ्याकडं आला, तात्या फोन उचलत नाहीत म्हणून. मी शोधत निघाले तर कुणी म्हणालं, ओढ्याकडं गेलेत. ओढा ओलांडून माळावर चढले. वर एका बाभळीखाली तात्या पाण्याची बाटली घेऊन एकटेच बसले होते. इथं काय करताय, म्हटलं. ते म्हणाले, "तिच्या लुगड्याच्या काठाला आघाडा असतो ओढ्याचा, आन् वर कुसळं ह्या माळाची. म्हंजी ती हितं येती. हितं आमचा वाडा बसायचा मेंढरांचा. लगीन होऊन आली ती ह्याच जागी."

त्या लांबून येताना दिसत असल्या तर हाक मारायची, घरी न्यायचं, इथं उन्हात का बसायचं, असं मी विचारलं. तेवढ्यात मावशी आल्याच. डोक्यावरचा पदर सारखा करून तात्यांपासून जरा अंतरावर बसल्या, परक्या पुरुषासमोर बसावं तशा.

"पावणं, माझा मालक दिसला का कुठं? मेंढरं घेऊन गेलाय."

"येईल सांजच्याला. बसा तवर. पाणी प्या."

मावशी पाणी प्यायल्या आणि वाट बघत बसल्या. मी तात्यांना हळूच म्हटलं, सांगा ना त्यांना, मीच तो म्हणून. ते म्हणाले, एकदा सांगून बघितलं. लई भ्याली. माझा मालक एवढा म्हातारा नाही म्हणाली, आणि पळायला लागली. पायात काटा मोडला तिच्या. तेव्हापासून मी पावणाच.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं बसून होतो. वारा सुटला तशा मावशी तात्यांकडं वळल्या. त्यांच्या आवाजात काळजी होती.

"पावणं, तुमी रोज येता हितं. तुमच्या घरी कुणी हाय का न्हाई वाट बघणारं?"

तात्यांनी बाटलीचं झाकण लावलं, मग पुन्हा काढलं.

"हाय की," ते म्हणाले. "लई वाट बघती."

"मग जावा की घरला. तिला कशाला ताटकळत ठेवता?"

तात्या उठले. चला, वाटंत सोडतो तुमाला, म्हणाले. मावशी उठल्या आणि चार पावलं मागं राहून त्यांच्यामागून माळ उतरू लागल्या. मुलाचा निरोप सांगायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.