सर्जेनानांचं कच्चं पिल्लू

सर्जेनानांच्या घरात शिरायचं तर आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन्ही हात चोळून गरम करावे लागतात. मग नाना स्वतः हात लावून तपासतात. गार लागले की "परत चोळा" म्हणून बाहेर. मी शाळेत शिक्षिका आहे, जन्मभर दुसऱ्यांना नापास करत आले; या परीक्षेत दोनदा नापास झाले.

नाना सांगलीत, विश्रामबागेत आमच्या शेजारी राहतात. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. त्यामुळे खोलीत तीन माणसं जमली की "आधी आतल्यांना उतरू द्या" सुरू होतं. हा सगळा बंदोबस्त एका बदकाच्या पिल्लासाठी. वडूजकडे त्यांच्या पुतण्याचं शेततळं आहे, तिथं त्यानं बदकं पाळलीत. यंदाच्या पिल्लांत एक अगदीच मरतुकडं निघालं, मान उचलेना. हे काही जगत नाही, असं पुतण्यानं सांगून टाकलं. नानांनी ते कानटोपीत गुंडाळलं आणि थेट सांगलीला आणलं. बरं झालं की परत तळ्यात सोडायचं, असं ठरलं.

खोक्यात गोणपाट अंथरून वर बल्ब लावला. पिल्लू कसं आहे विचारलं की एकच उत्तर: "कच्चं हाय अजून."

तिसऱ्या दिवशी घोळ नानांनीच घातला. नाना खटावचे, पाण्याच्या टंचाईत वाढलेले. बदकाला पाण्यावाचून ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. आमच्याकडं माणसाला मिळालं न्हाई, निदान ह्याला तरी मिळू दे, म्हणत त्यांनी टब काठोकाठ भरला आणि पिल्लू सोडलं. इतक्या कोवळ्या पिल्लाला आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसेल तर ते भिजतं आणि गारठतं, हे जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पण नंतर. बाहेर काढलं तेव्हा त्याची मान लोंबत होती. आणि नेमकी वीज गेली.

नाना खोकं छातीशी धरून अनवाणीच आमच्याकडे आले, कारण गल्लीत इन्व्हर्टर आमच्याकडेच. मी शाळेत फोन करून रजा टाकली. समोरच्या कुलकर्णीकाकू गरम पाण्याची पिशवी घेऊन धावल्या. मग आम्ही सगळे त्या एवढ्याशा पोटाची हालचाल बघत बसलो. एकदा ती थांबलीच असं वाटलं. दुपारी पिल्लानं डोळा उघडला, तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या दिवसापासून अख्खी गल्ली नानांकडे जायला लागली. नानांची बायको वारल्यापासून त्या घरात पेपरवाल्याशिवाय कुणी फिरकत नव्हतं. आता दारात चपलांचा ढीग. पंधरा दिवस झाले तरी बातमी तीच. नाना पिल्लू टॉवेलात गुंडाळून फक्त चोच दाखवायचे आणि सुस्कारा टाकायचे. मला तर घोरच लागला. शिकवताना पाढा चुकायला लागला.

पुतण्या रविवारी येऊन बघणार होता. शनिवारी सकाळी मी पिल्लासाठी मऊ भात घेऊन गेले. दार उघडंच होतं. नाना चहा करत होते आणि त्यांच्या पायामागून एक गुबगुबीत पिल्लू फरशीवर पटापटा धावत होतं. नाना वळले की तेही वळायचं. मला बघताच नानांनी ते उचलून टॉवेलात कोंबलं.

मला रागच आला. इतके दिवस जीव टांगणीला लावून घेतला तो काय याच्यासाठी? "नाना, हे ठणठणीत आहे की," मी म्हटलं.

नानांनी गॅस बारीक केला. "हाय ठणठणीत. लय दिस झालं. न्हेऊ दे पुतण्याला, तळं हीच त्याची जागा. त्याचं काय न्हाई." त्यांनी टॉवेलाची घडी सारखी केली. "पर बाई, बरं झालं म्हणून सांगितलं, तर मग तुमी समदी कशापायी याल?"

भात ओट्यावर ठेवला आणि डोळे पुसतच बाहेर आले. फाटकात कुलकर्णीकाकू उभ्या. त्यांनी काळजीनं विचारलं, कसं आहे?

नेहमी खरं बोलावं, असं मी दर सोमवारी फळ्यावर लिहिते.

"आज जरा मलूलच आहे," मी म्हटलं. "अजून आठवडाभर तरी हलवायला नको. तुम्ही जा ना आत, बसा जरा. चहा ठेवलाय त्यांनी."